रिकाम्या पायऱ्यांसमोर

रॉक संगीताच्या कार्यक्रमांवर निघालेल्या चित्रपटांविषयी लिहिताना समीक्षकांचे लक्ष बहुधा मंचावरच्या माणसांकडे असते. या चित्रपटांतली कितीतरी दृश्ये मंचासमोर बसलेल्यांची असतात, याची दखल क्वचितच घेतली जाते. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथे झालेल्या महोत्सवावरचा डी. ए. पेनेबेकर यांचा 'मॉन्टेरे पॉप' (१९६८) हा चित्रपट आठवून पाहावा. त्याचा शेवट पंडित रविशंकर यांच्या सतारवादनाने होतो. तबल्यावर अल्लारखाँ आहेत. त्या दीर्घ प्रसंगात कॅमेरा आधी बराच वेळ श्रोत्यांमध्येच हिंडत राहतो. कुणी डोळे मिटून बसले आहे, कुणी डुलते आहे, कुणी नुसतेच भटकते आहे. वादक दिसतात ते त्यानंतर. याच चित्रपटात जॅनिस जॉप्लिन गात असताना श्रोत्यांत बसलेल्या गायिका कॅस इलियट यांचा थक्क झालेला चेहरा दिसतो, आणि आत्ता ऐकलेले गाणे किती मोठे होते हे त्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते. ऑगस्ट १९६९ च्या महोत्सवावरच्या 'वुडस्टॉक'मध्ये (१९७०) तर चार लाखांहून अधिक माणसांचा तो चिखलात भिजलेला समुदायच नायक झालेला आहे. गायक-वादक त्याच्या चरित्रातली पात्रे वाटावीत.

ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवण्याच्या या युक्तीला चित्रपटाच्या व्याकरणात मोठे महत्त्व आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने कुठे भारावून जायचे, कुठे हसायचे, कुठे उठून नाचावेसे वाटून घ्यायचे, याचा नमुना पडद्यावरचा श्रोता त्याला घालून देतो. आपल्या वतीने कुणीतरी आधीच दाद दिलेली असते. या व्यवहाराची काळी बाजूही त्याच काळात पडद्यावर आली. ६ डिसेंबर १९६९ रोजी ऑल्टमॉन्ट येथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात मंचासमोर एका तरुणाचा खून झाला आणि तो कॅमेऱ्यात टिपला गेला. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या 'गिमी शेल्टर'मध्ये (१९७०) गायक मिक जॅगर संकलनाच्या टेबलावर ते दृश्य पाहताना दिसतो. ज्याच्याकडे सारे पाहत होते त्याला अखेर प्रेक्षकाच्या खुर्चीत बसावे लागते. अवघ्या तीन वर्षांत कॉन्सर्ट फिल्म हा प्रकार गर्दीच्या उत्सवापासून गर्दीच्या भयापर्यंत येऊन पोहोचला होता.

या पार्श्वभूमीवर एड्रियन मेबेन दिग्दर्शित 'पिंक फ्लॉइड : लाइव्ह ॲट पॉम्पेई' (१९७२) पाहिला पाहिजे. या चित्रपटात कार्यक्रम आहे, वाद्ये आहेत, ध्वनिवर्धकांची भिंत आहे. श्रोते मात्र नाहीत. वीस हजारांच्या आसपास माणसे मावतील असे बांधलेले प्राचीन रोमन अँफिथिएटर आणि त्याच्या मधोमध वाजवणारे चौघे. आपण 'वुडस्टॉक'च्या अगदी उलट चित्रपट करू पाहत होतो, असे मेबेन यांनी पुढे सांगितले आहे. या चित्रपटाची वाखाणणी सहसा त्यातल्या संगीतासाठी किंवा दृश्यसौंदर्यासाठी होते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. श्रोत्याला वगळणारा हा चित्रपट कॉन्सर्ट फिल्म या प्रकारात श्रोत्याविषयी सर्वाधिक गांभीर्याने विचार करणारा आहे, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत ती रिकामी जागा भरून काढण्याचे जे जे प्रयत्न झाले त्यांनी त्याचे बळ कमीच केले.

चित्रपट सुचला कसा, ही हकिकत मेबेन यांनी अनेकदा सांगितली आहे. पिंक फ्लॉइडचे संगीत आणि आधुनिक चित्रकला यांची सांगड घालणारा चित्रपट करावा असा त्यांचा मूळ बेत होता. मॅग्रीट, डी किरिको अशी नावे त्यांच्या मनात होती. तो प्रस्ताव बारगळला. १९७१ च्या उन्हाळ्यात ते नेपल्स परिसरात फिरायला गेले असता पॉम्पेईच्या अवशेषांत त्यांचा पासपोर्ट हरवला. तो शोधण्यासाठी ते संध्याकाळी पुन्हा आत गेले, तेव्हा पर्यटक निघून गेलेले होते. रिकाम्या अँफिथिएटरमधली ती शांतता, मावळता प्रकाश आणि दगडांवरून परतणारे बारीकसारीक आवाज यांतून त्यांना जागा सापडली. नेपल्स विद्यापीठातल्या, या बँडचे संगीत आवडणाऱ्या एका प्राध्यापकांनी रदबदली केल्यामुळे ऑक्टोबर १९७१ मध्ये काही दिवसांपुरती ती वास्तू चित्रीकरणासाठी मिळाली. त्या दिवसांतलेही काही वीज मिळवण्याच्या खटपटीत गेले. पुरेसा विद्युतप्रवाह नसल्याने अखेर गावातून लांबलचक केबल आणावी लागली. ध्वनिमुद्रणावर ओठ हलवायचे नाहीत, जे वाजवायचे ते प्रत्यक्ष वाजवायचे, असा बँडचा आग्रह होता. म्हणून लंडनहून सारी सामग्री ट्रकने इटलीत आणली गेली.

जागेची निवड योगायोगाने झाली असली तरी तिचा इतिहास या चित्रपटाच्या अर्थात शिरल्यावाचून राहत नाही. पॉम्पेईचे अँफिथिएटर इसवी सनापूर्वी ७० च्या सुमाराचे. दगडात बांधलेल्या आणि आज टिकून असलेल्या अशा वास्तूंमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. इसवी सन ५९ मध्ये तेथे ग्लॅडिएटरांचे खेळ चालू असताना पॉम्पेईचे रहिवासी आणि शेजारच्या न्यूसेरियाहून आलेले प्रेक्षक यांच्यात आधी शिवीगाळ, मग दगडफेक आणि शेवटी शस्त्रांनिशी कत्तल झाली. इतिहासकार टॅसिटसने ही घटना नोंदवली आहे. रोमच्या सिनेटने शिक्षा म्हणून अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. या दंगलीचे एक भित्तिचित्र पॉम्पेईतच सापडले आणि ते आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, इसवी सन ७९ मध्ये, व्हेसूव्हियसने सारे शहरच गाडून टाकले. म्हणजे ऑल्टमॉन्टनंतर दोन वर्षांच्या आत एक रॉक बँड ज्या रिंगणात उभा राहिला, तेथे प्रेक्षकांनी एकमेकांचे मुडदे पाडल्याची नोंद एकोणीसशे वर्षांपूर्वीच झालेली होती. मेबेन यांच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्या पायऱ्या रिकाम्या दिसतात तेव्हा त्या नुसत्या निसर्गसुंदर वाटत नाहीत. त्या जणू खाली केलेल्या वाटतात.

आता प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळू. त्याचा आरंभ आणि शेवट 'एकोज' या एकाच दीर्घ रचनेच्या दोन तुकड्यांनी बांधलेला आहे. ही रचना असलेला 'मेडल' हा अल्बम चित्रीकरणाच्या वेळी बाजारात यायचा होता, आणि त्यात तिची लांबी साडेतेवीस मिनिटांची आहे. तिचा प्रारंभ होतो तो रिचर्ड राइट यांच्या पियानोच्या एकाच, पाण्यात थेंब पडावा तशा स्वराने. गाण्याच्या शब्दांत एका ठिकाणी दोन अनोळखी माणसांची रस्त्यात नजरानजर होते आणि एकाला दुसऱ्यात आपणच दिसतो. माणसाने माणसाला ओळखण्याची शक्यता हे त्या शब्दांमागचे सूत्र असल्याचे रॉजर वॉटर्स यांनी सांगितलेले आहे. ओळख पटण्याविषयीचे हे गाणे जेथे ओळखायला समोर कुणीच नाही अशा जागी गायले जाते. कॅमेरा दुरून, अतिशय सावकाश त्या चौघांजवळ येत राहतो. गाणाऱ्याची नजर अखेर जिच्याशी भिडू शकेल अशी एकच दृष्टी तेथे आहे, ती कॅमेऱ्याची, म्हणजे आपली. श्रोत्यांच्या हजारो चेहऱ्यांत विभागली जाणारी जबाबदारी येथे एकट्या पाहणाऱ्यावर येऊन पडते.

चित्रपटातली एक लक्षणीय हालचाल म्हणजे वाद्यांच्या मागून सरकत जाणारा कॅमेरा. ध्वनिवर्धकांच्या पेट्यांच्या पाठीवर ठळक अक्षरांत रंगवलेले बँडचे आणि लंडनचे नाव एकामागून एक डोळ्यांसमोरून जाते. मधूनमधून उघड्या अंगाने उन्हात उभे असलेले तंत्रज्ञ दिसतात. नेहमीच्या कार्यक्रमात मंचाची ही बाजू झाकलेली असते, कारण समोर बसलेल्यांसाठी एक दर्शनी भाग राखायचा असतो. येथे समोरच कुणी नसल्याने पुढची बाजू आणि मागची बाजू हा भेदच गळून पडला आहे. त्यामुळे कष्ट दिसतात. 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'मध्ये वॉटर्स मावळतीच्या प्रकाशात भल्यामोठ्या झांजेवर आणि घंटेवर तुटून पडतात, गिल्मोर जमिनीवर मांडी घालून गिटारीवर काच घासावी तसे आवाज काढतात. ऐकणाऱ्याचा एकही चेहरा नसल्याने हा वेडेपणा आहे की कला, हे सांगायला कुणी येत नाही. ते आपले आपण ठरवायचे असते.

'वन ऑफ दीज डेज'चा प्रसंग तर अपघाताने लाभलेला आहे. या गाण्याच्या चित्रीकरणाची बरीच रिळे हरवली. उरले ते मुख्यतः निक मेसन यांचे ढोलवादन. त्यामुळे जवळजवळ संपूर्ण गाणे आपण एकाच माणसाचे हात, खांदे आणि घाम पाहत ऐकतो. मधेच त्यांच्या हातातली काठी निसटून उडते आणि ताल न चुकवता ते दुसरी उचलतात. भरल्या मैदानात या क्षणी आरोळी उठली असती आणि वादकाने हसून ती स्वीकारली असती. पॉम्पेईत काहीच होत नाही. चूक घडते, सावरली जाते, काम पुढे चालू राहते. रॉक संगीतातल्या वादकाला कारागीर म्हणून दाखवणारी इतकी निखळ दृश्ये मला दुसरीकडे फारशी आढळलेली नाहीत.

चित्रपटावर घेतले जाणारे आक्षेप मात्र टाळता येत नाहीत. पहिला आक्षेप असा की हा सारा आत्ममग्नतेचा थाट आहे: चार सुस्थितीतले इंग्रज तरुण मृतांच्या शहराचा देखावा मागे ठेवून स्वतःसाठीच वाजवत आहेत. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः 'केअरफुल विथ दॅट ॲक्स, यूजीन'च्या बाबतीत. किंकाळीच्या क्षणी उसळता लाव्हा दाखवणे ही प्रतिमायोजना शाळकरी आहे. तिथे एका शहराचा मृत्यू संगीताच्या परिणामासाठी वापरून घेतला जातो. वाफा सोडणाऱ्या ज्वालामुखीच्या जमिनीवरून चौघे गंभीर चेहऱ्याने चालतात ती दृश्येही आज जाहिरातीसारखी वाटतात. पण भित्तिचित्रे, मोझेक आणि पुतळे यांचे जे चेहरे मेबेन वारंवार मध्ये आणतात, त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. एरवी जिथे श्रोत्याचा चेहरा आला असता, नेमक्या त्या जागी हे चेहरे येतात. ते पाहतात, पण दाद देत नाहीत. रविशंकरांच्या सतारीवर डुलणाऱ्या तरुणीच्या जागी दोन हजार वर्षे डोळे न मिटलेला एक दगडी चेहरा येतो, आणि आपण काय वाटून घ्यावे याचा त्याच्याकडून काहीही इशारा मिळत नाही. याला सजावट म्हणून निकालात काढणे मला अन्याय्य वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चित्रपटाच्या नावात पॉम्पेई असले तरी तेथे प्रत्यक्षात वाजवल्या गेल्या त्या तीनच रचना: 'एकोज', 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' आणि 'वन ऑफ दीज डेज'. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' आणि 'यूजीन' यांचे चित्रीकरण नंतर पॅरिसच्या स्टुडिओत झाले. जाणकार प्रेक्षक राइट यांच्या दाढीवरून हे ओळखतो. पॉम्पेईत ती आहे, पॅरिसमध्ये नाही. मग 'प्रत्यक्ष कार्यक्रम' या दाव्याचे काय? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. प्रवासवर्णनकार दोन संध्याकाळींची एक संध्याकाळ करतो, तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही. त्या जोडकामाने अनुभवाशी इमान राखले की नाही एवढे पाहतो. पॅरिसमधल्या दृश्यांनी ते राखलेले आहे, कारण तेथेही अंधार आणि वादक यांखेरीज काही नाही. गंमत म्हणजे संपूर्ण चित्रपटात संगीताला जागच्या जागी प्रतिसाद देणारा एकच जीव आहे आणि तोही पॅरिसचाच: 'मादमॉझेल नॉब्ज' या छोट्या तुकड्यात गिल्मोर यांच्या माउथऑर्गनच्या सुरावर गळा काढणारी रशियन जातीची कुत्री. माणसांची दाद नाकारणाऱ्या चित्रपटाने एका मुक्या प्राण्याची तेवढी ठेवून घेतली आहे.

येथे भारतीय वाचकाला आपल्या परंपरेतला एक विचार आठवावा. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी ही प्रेक्षकांच्या दृश्य-श्राव्य प्रतिसादांवरून ओळखायची: हसू, वाहवा, हळहळ, रोमांच, आसनावरून उठणे. दैवी सिद्धी त्याहून वरची. तिच्यात आवाज नसतो, क्षोभ नसतो, उत्पात नसतो, आणि रंगगृह मात्र पूर्ण भरलेले असते. म्हणजे भरताच्या मते प्रयोगाची परमावधी शांततेत आहे, पण ती भरल्या घराची शांतता असली पाहिजे. मॉन्टेरे आणि वुडस्टॉक हे मानुषी सिद्धीचे सोहळे होते. पॉम्पेईत शांतता आहे, भरलेपण नाही. मग ही सिद्धी कुठली म्हणायची? मला वाटते, येथे रंगगृहाची व्याख्याच बदलली आहे. त्या पायऱ्या भरल्या जातात चित्रपटगृहाच्या अंधारात, नंतर, निरनिराळ्या गावी आणि निरनिराळ्या काळी, एकेकट्या माणसांनी. कादंबरीचा वाचक असाच असतो. लेखकासमोर तो कधीही बसलेला नसतो, आणि तरी त्याच्यावाचून पुस्तक पूर्ण होत नाही.

जमलेला श्रोता म्हणजे कळणारा श्रोता नव्हे, याचे उदाहरण त्याच वर्षी पडद्यावर आले होते. पॉम्पेईच्या चित्रीकरणाआधी दोन महिने, १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे रविशंकरांचे मिस्कील उत्तर १९७२ च्या 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' या चित्रपटात आहे. त्या श्रोत्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. ते चांगल्या हेतूने आले होते. पण टाळी ही कित्येकदा ऐकण्याची खूण नसून आपण हजर असल्याची खूण असते, हे त्या प्रसंगाने उघड केले. पॉम्पेईच्या चित्रपटात ती सोय काढून घेतली आहे. हजेरी लावून भागत नाही, ऐकावे लागते.

म्हणूनच या चित्रपटाच्या नंतरच्या आवृत्त्यांचा प्रश्न केवळ संग्राहकांचा उरत नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात दाखवलेला पाठ तासाभराचा होता आणि त्यात फक्त संगीत होते. १९७४ मध्ये चित्रपटगृहांसाठी तो वाढवण्यात आला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत 'द डार्क साइड ऑफ द मून'वर चाललेले काम, मुलाखती आणि उपाहारगृहातल्या गप्पा त्यात आल्या. मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अल्बमने बँडला जगभर पोहोचवले असल्याने ही भर व्यवहार म्हणून समजण्यासारखी आहे. यंत्रे संगीतकाराची जागा घेत नाहीत हा सदस्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, आणि मेसन आपल्याला पाय कडेच्या पापुद्र्याविना हवा म्हणून सांगतात तो क्षण खुसखुशीतही आहे. पण या दृश्यांनी अनोळखीपण संपते. पॉम्पेईतल्या दूरस्थ आकृती ओळखीच्या, गप्पिष्ट माणसांत बदलतात. २००३ च्या डीव्हीडीवरच्या दिग्दर्शकीय आवृत्तीने पुढची पायरी गाठली: अंतराळाची दृश्ये आणि संगणकावर उभारलेली पॉम्पेई तिच्यात घुसवली गेली. जे गाणे ऐकताना प्रत्येकाने आपले अवकाश आपण कल्पायचे, तेथे दिग्दर्शकाने स्वतःच तयार ग्रह-तारे आणून ठेवले. आपल्याच कृतीतल्या मोकळ्या जागेची निर्मात्याला भीती वाटावी, याचे हे खेदजनक उदाहरण आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रक्षिप्त ठरलेला मजकूर नष्ट केला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. अभ्यासकाला तो हवाच असतो, फक्त संहितेत नको असतो. महाकाव्याशी तासाभराच्या चित्रपटाची तुलना नाही, पण शिस्त तीच लागू पडते. २००३ च्या डीव्हीडीत मूळ तासाभराचा पाठ होता, परंतु जादा मजकूर म्हणून. संहिता परिशिष्टात गेली आणि प्रक्षेप संहितेच्या जागी बसला. एप्रिल २०२५ मध्ये जुन्या मूळ निगेटिव्हवरून स्वच्छ केलेली, स्टीव्हन विल्सन यांनी ध्वनी नव्याने जुळवलेली प्रत जगभरच्या मोठ्या पडद्यांवर आली. तिच्यात संगणकी चमत्कार नाहीत ही समाधानाची गोष्ट. ॲबी रोडची दृश्ये मात्र तिच्यातही आहेत. वर्गात हा चित्रपट दाखवण्याची संधी ज्या शिक्षकांना मिळेल त्यांनी आधी फक्त संगीताचा पाठ दाखवावा आणि बाकीचे चर्चेच्या वेळी काढावे, अशी माझी सूचना आहे. क्रम बदलला की विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत 'ही माणसे कशी होती' या प्रश्नाकडे वळतो आणि 'मी काय ऐकले' हा प्रश्न मागे पडतो.

पिंक फ्लॉइडच्या पुढच्या वाटचालीने या रिकाम्या पायऱ्यांना एक कडवट अर्थही दिला. बँड मोठा होत गेला तशी मैदाने मोठी झाली. ६ जुलै १९७७ रोजी मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये समोरच्या गोंगाटाने संतापलेले वॉटर्स एका चाहत्यावर थुंकले. स्वतःच्या त्या कृत्याची त्यांना जी शिसारी आली तिच्यातून 'द वॉल' (१९७९) जन्माला आला, आणि त्याच्या प्रयोगांत गायक आणि श्रोते यांच्यामध्ये खरोखरीची भिंत उभारली जाऊ लागली. पॉम्पेईचा चित्रपट या भिंतीची पहिली वीट होता, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळीन. भिंत उभारणाऱ्याला पलीकडे असलेल्या माणसांचा राग आलेला असतो. पॉम्पेईत कुणाचा राग नाही. तेथे पायऱ्या मोकळ्या आहेत आणि मधे काहीही आड नाही. हवे त्याने येऊन बसावे.

७ आणि ८ जुलै २०१६ रोजी डेव्हिड गिल्मोर त्याच अँफिथिएटरमध्ये परतले. या वेळी रिंगणात सुमारे अडीच हजार श्रोते होते. इसवी सन ७९ नंतर तेथे श्रोत्यांसमोर झालेला हा पहिलाच असा कार्यक्रम. राइट २००८ मध्ये गेले होते, आणि त्यांच्यावाचून 'एकोज' वाजवायचे नाही असे गिल्मोर यांनी ठरवलेले असल्याने १९७१ च्या कार्यक्रमातली 'वन ऑफ दीज डेज' ही एकच रचना पुन्हा वाजली. त्या कार्यक्रमाचा चित्रपट २०१७ मध्ये आला. प्रकाशयोजना दिपवणारी आहे, वादन निर्दोष आहे, लोक आनंदात आहेत, आणि त्यांच्या आनंदात वावगे काही नाही. तरी तो पाहताना जाणवते की आपले काम दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकून ठेवले आहे. कुठे शहारायचे ते आपल्याला कळवले जाते आणि आपण आज्ञाधारकपणे शहारतो.

आज प्रत्येक कलाकृतीसोबत तिच्या स्वागताचा पुरावाही आपल्यापर्यंत येतो. गाण्याआधी त्याचे लाखोंचे आकडे येतात, पुस्तकाआधी त्याचे तारे. समूहाची पसंती ही वाचनाची पूर्वअट होऊन बसलेली असताना, साहित्याच्या विद्यार्थ्याला एखादी कृती कुणाच्याही चेहऱ्याकडे न पाहता अनुभवण्याचा सराव कुठे मिळणार? पॉम्पेईचा हा जुना चित्रपट त्या सरावासाठी उपयोगी आहे. तो कंटाळवाणा वाटण्याचे स्वातंत्र्यही देतो, आणि काहींना तो तसा वाटेल. तो कंटाळा निदान त्यांचा स्वतःचा असेल.